शेवटच्या सेकंदाची बोली की आधीच लावलेली कमाल बोली?

ऑनलाइन लिलावात यातली कोणती पद्धत निवडायची, हे लिलाव कसा संपतो त्यावर ठरतं. ईबेवर वेळ संपली की संपली, पुढे एकही बोली घेतली जात नाही. न्यूझीलंडच्या ट्रेड मी या संकेतस्थळावर मुदतवाढीची सोय आहे. तिथे शेवटच्या २ मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकते. 'एक वार, दोन वार, तीन वार' पुकारणाऱ्यासारखंच, कोणी बोलतंय तोवर हातोडा पडत नाही. अशा ठिकाणी शेवटपर्यंत दबा धरून काही मिळत नाही, तिथे कमाल बोली लावून मोकळं व्हावं.

ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात मात्र फरक पडतो. दोन्ही पद्धतींत तुम्ही कमाल रक्कम सांगता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. सगळ्यांनी आपली खरी कमाल एकदाच सांगितली असती, तर वेळेला महत्त्व उरलं नसतं. पण बरेच जण थोडी थोडी चढवत जातात.

समजा, तुमची कमाल ८० डॉलर आहे आणि दुसऱ्या कोणी ६० लावलेत. तुम्ही ३ दिवस आधी ८० लावलेत तर किंमत ६१ होते (या किमतीच्या पट्ट्यात ईबेवर बोली किमान १ डॉलरने वाढते) आणि आपण मागे पडलो हे त्याला कळतं. तो ७०, ७५ करत ८५ वर पोचतो आणि वस्तू ८१ ला घेऊन जातो. तेच ८० तुम्ही शेवटच्या ८ सेकंदांत लावले तर वस्तू ६१ ला तुमची. त्याने पहिल्याच दिवशी ९० लावले असतील, तर मात्र तुम्ही कितीही अचूक वेळ साधा, जिंकणार तोच.

आधी बोली लावण्याचे फायदेही खरे आहेत. रक्कम सारखी असेल तर आधीची बोली जिंकते. इंटरनेट ऐनवेळी बंद पडण्याची भीती नाही. पण आणखी एक मोठी अडचण आहे: एकसारख्या ३ वस्तू विक्रीला असतील तरी तुम्ही एकीलाच अडकून पडता.

शेवटी बोली लावायची तर कमाल आदल्या दिवशीच, पाठवणीचा खर्च धरून ठरवा. ८० ऐवजी ८०.३७ लिहा, म्हणजे गोल आकड्यावर थांबलेल्याशी बरोबरी होणार नाही. ५ मिनिटं आधी लॉग इन तपासा, रक्कम भरून पुष्टीच्या पायरीवर थांबा आणि ८ ते १० सेकंद उरले की बटण दाबा. २ सेकंदांवर ताणलं की बोली पोचेपर्यंत लिलाव संपलेला असू शकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाट पाहताना चालू किंमत तुमच्या रकमेपुढे गेलेली असते आणि बोली नाकारली जाते.

असं शेवटच्या क्षणी बोली लावणं न्याय्य आहे का? आमच्या मते आहे. वेळ सर्वांना आधीपासून माहीत असते आणि ज्याने खरी कमाल लावली आहे त्याला कमी रकमेची बोली हरवू शकत नाही. ईबेचे नियमही याला मनाई करत नाहीत. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांच्या २००२ च्या अभ्यासात ईबेवर अनुभवी लोक जास्त उशिरा बोली लावताना दिसले. तेव्हा मुदत वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या लिलावांत उलट. म्हणजे हे वागणं नियमातूनच येतं. खरा अन्याय विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून आपल्याच वस्तूवर बोली चढवण्यात आहे. त्याला बंदी आहे आणि उशिरा बोली लावणाऱ्याची कमाल चाचपायला अशा विक्रेत्याला वेळच मिळत नाही. तोटा प्रामाणिक विक्रेत्याचाही होतो, हे मान्य करायला हवं: चढाओढ व्हायच्या आधीच लिलाव संपतो. प्रामाणिक विक्रेत्याने मुदतवाढ असलेली जागा निवडावी.

तुमच्या वतीने शेवटची बोली लावणाऱ्या सेवा वेळ अचूक साधतात, एक वस्तू मिळाली की त्याच गटातल्या बाकी बोली रद्दही करतात. पण काहींना खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. तिथे तो इतरत्र कुठेही न वापरलेला असावा आणि काम झालं की बदलावा.