दहा महिन्यांचा ट्रायपॉड आणि हर्णैची वाळू

हा ट्रायपॉड मी गेल्या जुलैत सेलमध्ये ९,४०० रुपयांना घेतला. अॅल्युमिनियमचा, चार टप्प्यांच्या पायांचा, पिळून घट्ट करायच्या ट्विस्ट लॉकचा. बाकीची मापं सगळीकडे दिलेली आहेत, ती पुन्हा लिहीत नाही. जानेवारीपर्यंत कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. पावसात ताम्हिणीच्या धबधब्यांसमोर तासन्‌तास उभा राहिला, कुरकुर नाही. वर कॅमेरा बसवायचा सांधा, म्हणजे बॉल हेड, घट्ट धरतं, मोठी लेन्स लावली तरी मान टाकत नाही.

मग फेब्रुवारीत आम्ही दापोलीला गेलो. आई, धाकटा भाऊ, वहिनी, मुलं, माझा एक मित्र आणि त्याची बायको, असे अकरा जण दोन गाड्यांतून. ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड आणि पुढे आंजर्ल्याला मुक्काम. हर्णैसमोर समुद्रात असलेला सुवर्णदुर्ग २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत आल्यापासून भावाने तोच किल्ला धरून ठेवला होता. त्यात मी पौर्णिमेला लागून आलेला शनिवार-रविवार निवडला, तोही मुद्दाम.

कारण सांगतो, किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांना उपयोगी पडेल. आपल्याकडे भरतीचा जुना ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते आणि सूर्य मावळतो साडेसहाच्या सुमाराला. त्यात उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि आरशासारखी ओली वाळू उघडी पडते. अष्टमीला गेलात तर त्याच वेळी पाणी पार वरपर्यंत असतं.

शनिवारी संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघितला. आई आणि वहिनी सुरमईच्या वाट्यांत रमल्या. तिथे गर्दीत ट्रायपॉड उघडायची सोय नाही, हातातच कॅमेरा. मग मी आणि भाऊ ओहोटीच्या कडेला गेलो. समोर सुवर्णदुर्गाची काळी कड, खाली ओली वाळू. लेन्सवर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे काळपट काच, लावला की प्रकाश ६४ पटींनी कमी होतो, १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर चार सेकंदांवर जातं आणि लाटांचं धुकं होतं. चार सेकंद कॅमेरा केसभरही हलता कामा नये. लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते, म्हणून पाय आधी दाबून रोवायला लागतात. ते मी केलं आणि फोटो उत्तम आले. त्याबद्दल या ट्रायपॉडला पैकीच्या पैकी.

चूक पुढे झाली. एव्हाना पाणी पुन्हा चढायला लागलं होतं आणि खालचं लॉक दोन-तीन लाटांत बुडालं. रात्री कोरड्या फडक्याने पुसून ट्रायपॉड गाडीत ठेवला. माहितीपत्रकात पाण्याने धुवा, असा एक शब्द नाही. मी ते पत्रक नंतर तीनदा वाचलं.

रविवारी सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. देवळाजवळून खाली खाडीचं मुख आणि पलीकडे समुद्रात किल्ला दिसतो. तिथे आमचा पहिला पूर्ण फोटो झाला. आमच्या घरच्या सहलींच्या फोटोंत मी कधीच नसतो, कॅमेरा माझ्याकडे असतो ना. दहा सेकंदांचा टायमर लावून मी धावत आईच्या शेजारी उभा राहिलो. तो फोटो आता आईने छापून घेऊन देवघराशेजारी लावला आहे. त्या एका फोटोसाठीही मी हे पैसे पुन्हा खर्च करीन.

फोटो झाला आणि पाय मिटायला गेलो तर एक लॉक फिरेना. मी पिळलं, भावाने पिळलं, मित्राने रुमाल धरून पिळलं. आतून वाळूची करकर ऐकू येत होती. खालचा टप्पा पूर्ण बाहेर काढलेला, तसाच अडकला. मिटलेला ट्रायपॉड डिकीत बसतो, हा बसेना. शेवटी तो मागच्या सीटच्या पायाशी आडवा ठेवला आणि आई पुण्यापर्यंत पाय आखडून बसली. एक अक्षर बोलली नाही. मला मात्र सगळा रस्ता त्याचाच राग येत होता.

सर्व्हिस सेंटरची कथा थोडक्यात. पाच वर्षांची वॉरंटी आहे. काउंटरवर उत्तर मिळालं, वाळू गेली म्हणजे वॉरंटीत बसत नाही. अख्खा पाय बदलायचा, १,८५० रुपये, शिवाय सुटा भाग यायला सहा आठवडे. मी त्यांना खोक्यावरचं चित्र दाखवलं. त्यात हाच ट्रायपॉड समुद्राच्या लाटेत उभा आहे. वाळूत उभा करून विकायचा आणि वाळू गेली म्हणून हात झटकायचे, हे मला मान्य नाही. लेखी तक्रार केली, दोन मेल पाठवले, उत्तर तेच. पैसे न भरता ट्रायपॉड उचलून घरी आणला. त्या संध्याकाळी हा लेख लिहिला असता तर एकच वाक्य लिहिलं असतं: घेऊ नका.

घरी एक दिवस लॉक कोमट पाण्यात बुडवून ठेवलं. खारं पाणी वाळलं की मीठ उरतं, ते विरघळल्यावर रबराच्या हातमोज्याने पिळताच लॉक सुटलं. आत बघितल्यावर सगळं कळलं. आतल्या नळीभोवती प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. बाहेरची कडी फिरवली की त्या दाबल्या जातात आणि नळी धरून ठेवतात. कडीच्या आट्यांना कारखान्यातच ग्रीस लावलेलं असतं आणि ते ग्रीसच वाळू धरून बसतं. मी पुसलं ते बाहेरून, वाळू होती आट्यांत.

इथे माझं मत बदललं. पूर्ण पाय हाताने उघडतो, पाना लागत नाही, पेच नाही. ही रचना खरोखर चांगली आहे. जुन्या टूथब्रशने आटे घासले, गोड्या पाण्याने धुतले, रात्रभर वाळवले, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. एक पट्टी चिरली होती. जाड प्लॅस्टिकच्या फाइलच्या पुठ्ठ्यातून तेवढ्या मापाची कापून बसवली. खर्च १२० रुपये, तोही ग्रीसच्या ट्यूबचा, आणि ट्यूब अजून अर्धी शिल्लक आहे. हेच काम १,८५० रुपयांना सांगितलं होतं, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर तीन महिने झाले. कापलेली पट्टी टिकली आहे, लॉक आधीसारखं फिरतं. एप्रिलमध्ये पुन्हा किनाऱ्यावर गेलो, या वेळी गुहागरला, आणि पाय उघडायची पद्धत उलटी केली. एरवी जाड टप्पे आधी उघडतो, कारण बारीक टप्पा हलतो. किनाऱ्यावर सगळ्यात खालचा बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे सांधा गुडघ्याच्या उंचीला, पाण्याच्या वर राहतो. थोडा हलेपणा येतो, तो वर पिशवी टांगून कमी होतो. आणि मुक्कामी पोचल्यावर, जेवणाआधी, बादलीभर गोड्या पाण्यात तिन्ही पाय उघडे ठेवून धुवायचे. मिटलेल्या अवस्थेत धुतले तर वाळू आतच जाते.

घाटात, गडावर, घरात वापरणार असाल तर घ्या, या किमतीत याहून स्थिर मला मिळाला नव्हता. महिन्यातून एकदा समुद्रावर जाणार असाल तर खटक्याच्या लॉकचा बघा, त्याला वाळू लागली तर दिसते तरी आणि झटकता येते. भावाला मी तसाच घ्यायला लावला आहे. माझा मी बदलणार नाही, पण त्याच्या पिशवीच्या कप्प्यात आता टूथब्रश, ग्रीसची ट्यूब आणि फाइलच्या पुठ्ठ्याच्या दोन जादा पट्ट्या कायमच्या आहेत.