इंग्रजी आज्ञार्थाचा ऑनलाइन कोर्स, ५ पैकी ४ स्टार

इंग्रजीत समोरच्याला काही करायला कसं सांगायचं, फक्त एवढ्यावर अख्खा कोर्स कशाला हवा असं बऱ्याच जणांना वाटेल, कारण रूप तर एकदम सोपं आहे, क्रियापदाचं मूळ रूप घ्यायचं, 'यू' गाळायचं, झालं काम. कम, गो, सिट. काळ नाही, वचन नाही, शेवटी काही जोडायचं नाही. पण खरी गोची इथेच आहे आणि या कोर्सवाल्यांनी ती बरोब्बर पकडलीये, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आपल्याकडे बस, बसा, बसावं यातच कळतं की समोर कोण आहे. इंग्रजीत लहान मूल असो, साहेब असो नाहीतर भरलेला हॉल असो, सगळ्यांना सिट डाउनच. मग मान ठेवायचा कुठे? तर वाक्याच्या बांधणीत आणि आवाजात. प्लीज लावलं की संपलं असं खूप ठिकाणी शिकवतात आणि ते अर्धवट आहे, साहेबांना सपाट आवाजात 'सेंड मी द फाईल, प्लीज' म्हटलं तरी तो हुकूमच वाटतो, तिथे 'कुड यू सेंड मी द फाईल' असं विचारावंच लागतं. आणि उलट बाजूही हा कोर्स नीट सांगतो, म्हणजे 'कम इन', 'हॅव अ सीट', 'टेक वन मोर' हे प्लीज न लावताही अजिबात उद्धट वाटत नाही, कारण फायदा ऐकणाऱ्याचा आहे. 'गेट वेल सून' तर रूपाने आज्ञा, पण आहे शुभेच्छा. कष्ट कोणाला पडणार आणि फायदा कोणाचा, हा एक प्रश्न मनात ठेवला की निम्मी अडचण सुटते.

सगळ्यात भारी खिडकीचा धडा. स्क्रीनवर एक खोली, खिडकी बंद, आणि एकेक माणूस आत येतो, आधी जवळचा मित्र, मग अनोळखी पाहुण्या, मग वरिष्ठ. प्रत्येकाला खिडकी उघडायला सांगायचं. मित्राला 'ओपन द विंडो, विल यू?' चालून जातं आणि तो हसत उठतो. तेच पाहुण्यांना म्हटलं तर त्या क्षणभर थांबतात आणि थंड आवाजात 'ऑलराइट' म्हणतात. लाल फुली नाही, चूक-बरोबर नाही, फक्त तो थांबलेला क्षण. व्याकरणाच्या पुस्तकातून हे कळणं शक्यच नाही.

नकाराचा भाग छोटा पण कामाचा आहे. एरवी 'बी' या क्रियापदाला 'डू' चालत नाही, पण आज्ञार्थात चालतं, म्हणून 'डोन्ट बी लेट'. 'लेट्स'चा नकार 'लेट्स नॉट गो'. 'नेव्हर' आणि 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी. बाकी उदाहरणं नेहमीचीच, पटापट पुढे गेलात तरी चालेल.

लेखी सूचनांचा भाग मला फार आवडला, कारण इथे सगळं उलटं होतं, नुसता आज्ञार्थच सगळ्यात सभ्य ठरतो. मशीन चालवणाऱ्याला 'कुड यू टर्न ऑफ द पॉवर' लिहिलं तर तो गोंधळेल. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं सोप्या इंग्रजीचं स्टँडर्ड आहे, त्यात सूचना आज्ञार्थातच लिहायची आणि सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत ठेवायचं असा नियम आहे. अट असेल तर ती आधी, काम नंतर, कारण वाचणारा बटण दाबून मोकळा झाल्यावर 'जर दिवा लाल असेल तर' वाचून काय उपयोग? गिट (प्रोग्रामच्या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही आज्ञार्थाची ही सवय ओळखीची असेल, कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायची टीप, 'फिक्स'ने सुरू करा, 'फिक्स्ड'ने नको, असं गिटच्या स्वतःच्या नियमांतही आहे.

आता एक स्टार का कापला ते. उत्तरं तपासणारा प्रोग्राम कच्चा आहे. 'डू सिट डाउन' हे आग्रहाचं, अगदी शुद्ध वाक्य, त्याला चूक देतो. 'समबडी कॉल अ डॉक्टर' लिहिलं की कॉलला एस लावा म्हणतो, तो आज्ञार्थ आहे हेच त्याला ओळखू येत नाही. नवा शिकणारा यावर विश्वास ठेवेल ना, आणि बरोबर येत असलेलं विसरेल. दुसरं म्हणजे बोलायच्या सरावात फक्त शब्द तपासतात, आवाजाचा चढउतार नाही, मग खिडकीच्या धड्यात एवढं जीव तोडून शिकवलेलं स्वतःला जमतंय की नाही हे कळणार कसं?

हे सुधारत नाही तोपर्यंत खिडकीचा धडा चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या कोणाला तरी समोर बसवून करा, आणि ज्यांना रूपं येतात त्यांनी सुरुवातीचे धडे सोडून थेट तिथूनच सुरू केलं तरी काही बिघडत नाही.