जुन्या शिडाच्या बोटीत पायाखाली काय घालायचं?

सोलापुरात राहून समुद्रावर शिडाची बोट बाळगणारे फार नसतील. जे आहेत त्यांची बोट रत्नागिरीला, गोव्याला नाहीतर मुंबईला उभी आणि ते स्वतः इथे. केबिनच्या जमिनीच्या, म्हणजे पायाखालच्या, फळ्या बदलायच्या कामात मात्र हे अंतर उपयोगी पडतं. या फळ्या बहुतेक बोटींत सुट्ट्याच असतात, कारण त्यांच्याखाली बिल्ज, म्हणजे पाणी साचणारी तळाची खोलगट जागा असते, पाणी उपसायचा पंप असतो, कीलचे (बोटीच्या तळाच्या कण्याचे) बोल्ट असतात, आणि तिथे केव्हाही हात पोचावा लागतो. म्हणजे फळ्या उचलायच्या, गाडीत घालायच्या आणि आंबा घाट चढून मिरज, सांगोला, मंगळवेढा करत घरी आणायच्या. पावसाळ्यात बोट तशीही किनाऱ्यावर ओढून झाकलेली असते. रत्नागिरीला त्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या हवेत व्हार्निशचा हात दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो. सोलापुरात तो रातोरात वाळतो.

याच कोरड्या हवेची दुसरी बाजूही आहे, आणि कुठलं मटेरियल घ्यायचं याचा निम्मा निकाल माझ्या मते तिथेच लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरते. तेच लाकूड किनाऱ्यावर सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत ओल धरतं. एवढ्या फरकाने सागवानाची १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी दीड-दोन मिलिमीटर फुगते. अशा सहा पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून फळी केली, तर ती सेंटिमीटरभर रुंद होणार. इथे टेबलावर सुबक दिसलेली फळी तिथे चौकटीत अडकते, आणि नेमका पंप बंद पडलेला असताना वर निघत नाही. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे रेषे आडवे-उभे असल्यामुळे ते रुंदीला जवळपास वाढतच नाही. हा फरक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी जुनं तपासा

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फायबरग्लासच्या बोटींत बहुधा साग आणि हॉली (एक पांढरट परदेशी लाकूड) यांच्या फळ्या दिसतात: गडद सागाच्या पट्ट्या आणि मधे मधे पांढरट बारीक रेघ. दिसायला भरीव लाकूड, प्रत्यक्षात प्लायवर चिकटवलेली व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, तीही बऱ्याचदा एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची. फळीची कड उजेडात धरली की ती किती उरलीय ते कळतं. रेघा पुसट झाल्या असतील, मधूनच खालचा वेगळ्या रंगाचा थर डोकावत असेल, तर पॉलिश पेपरचा आणखी एक हातही तिला झेपायचा नाही.

अशी एक फळी इथल्या सुताराकडे नेली. वरून ती बरी होती. त्याने ती उलटी केली, पटाशीचं टोक काळ्या पडलेल्या कोपऱ्यात टेकवलं आणि नुसतं दाबलं. टोक अर्धा इंच आत गेलं. कडक भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी वरची व्हिनिअर हातात आली. "मालक, वरनं झकास हाय, आतनं गेलंय," एवढंच तो म्हणाला. तपासणी हीच करायची, आणि ती कडांना, पंपासाठी पाडलेल्या भोकांभोवती आणि कडी बसवलेल्या खाचेत. मध्यभागी बोटाने टकटक करून फारसं कळत नाही.

कुजलेला भाग कडेला दोन-तीन इंचांपुरताच असेल आणि व्हिनिअर शाबूत असेल, तर दुरुस्तीच करा. मूळ फळीचं माप बिनचूक असतं, आणि हा फायदा कुठल्याही नव्या फळीत नाही. फक्त व्हार्निशआधी फळ्या गोड्या पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण वाळवा. लाकडात मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि वरचा थर पापुद्रे धरून निघतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. फळ्या कुजवतं ते समुद्राचं पाणी नव्हे. बुरशीला खारं पाणी मानवत नाही. नुकसान करतं ते गोडं पाणी: झाकणातून झिरपणारा पाऊस, पिण्याच्या पाण्याची गळकी टाकी, बर्फाच्या पेटीतून ओघळणारं पाणी. हे बंद न करता नव्या फळ्या घातल्यात, तर त्याही त्याच वाटेने जातील.

प्लाय की सागवान

बदलायचंच ठरलं, तर खरी तुलना या दोघांतच आहे.

प्लायमध्ये दुकानात तीन दर्जे ऐकू येतात. एमआर म्हणजे घरातल्या कोरड्या फर्निचरचं. ते बोटीसाठी बाद. बीडब्ल्यूआर म्हणजे आयएस ३०३ या भारतीय मानकातलं वरचं, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना वापरतात ते. आणि बीडब्ल्यूपी, आयएस ७१०, ज्याला दुकानदार 'मरीन' म्हणतात. यातला गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा अशी अट असते. शीटवर आयएसआयची खूण, ७१० हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला आहे का ते बघा. बिलावर नुसतं 'मरीन' लिहून मिळालं तर त्याला अर्थ नाही. शंका असेल तर एक तुकडा मागून घ्या आणि घरी जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा. हलका माल तेवढ्यात थर सोडतो.

पण लक्षात घ्या, पाण्याला टिकतो तो गोंद. लाकूड लाकूडच राहतं, आणि कापलेल्या कडेतून ते पाणी पितं. म्हणून प्रत्येक कड, प्रत्येक भोक आणि खालची बाजू यांना इपॉक्सीचे (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनचे) दोन-तीन हात हवेतच. सुतार याला कुरकुरतो, कारण फर्निचरची मागची बाजू कोणी रंगवत नाही. बोटीत मात्र खालची बाजूच जास्त ओल खाते. इपॉक्सी उन्हाळ्यात लावत असाल तर थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. बेचाळीस अंशांत डबाभर कालवलेलं मिश्रण लावण्याआधीच धुरायला लागतं.

कड कापल्यावर मधल्या थरांत पोकळी दिसली, तर ती इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून बुजवा. पोकळ्या जास्त असतील तर शीट परत करा.

सागवानाचं तसं नाही. त्याच्यात मुळातच तेल असतं, कीड आणि बुरशी सहसा लागत नाही, आणि दहा वर्षांनी पुन्हा रंधून नवं करता येतं. व्हिनिअरला हे शक्य नाही. बल्लारपूर-चंद्रपूरकडचा सीपी साग ओळखीच्या वखारीत मिळाला तर तो उत्तमच. त्याच तेलामुळे चिकटवताना मात्र अडचण होते. गोंद लावायच्या आधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसावा लागतो, नाहीतर सांधा सुटतो. आणि फुगण्याचा मुद्दा वर आलाच आहे. भरीव सागाच्या रुंद फळ्या करायच्या असतील, तर पट्ट्यांमध्ये फट ठेवून खालून आडव्या पट्टीवर स्क्रूने बसवा, जाळीसारख्या. पाणी खाली उतरतं, फुगायला जागा राहते. पण मग पडलेली सुई, नाणं, भाताची शितं सगळी बिल्जमध्ये आणि तिथून पंपाच्या तोंडात जातात.

मधला रस्ता मला सगळ्यात पटतो: ७१० नंबरची प्लाय आणि तिच्यावर पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या सागाच्या अरुंद पट्ट्या इपॉक्सीने चिकटवलेल्या. खालची प्लाय हलत नाही, वरचा साग पुढे अनेकदा घासता येतो. हॉलीच्या जागी हेदाच्या लाकडाची पिवळसर पट्टी शोभते. सुताराची मजुरी यात जास्त जाते, हे खरं.

पैशांचा हिशोब करताना क्षेत्रफळ बघा. पंचवीस फुटी बोटीच्या केबिनची पायाखालची जागा दोन-तीन चौरस मीटरच्या वर क्वचितच जाते. म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटचा मामला. इथे हलका माल घेऊन वाचतात ते पैसे एका रत्नागिरी फेरीच्या डिझेलात संपतात.

डब्ल्यूपीसीचं काय?

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड. हा प्रश्न हल्ली हमखास येतो, कारण बाथरूमचे दरवाजे आणि किचन ट्रॉल्या सगळीकडे त्याच्याच होतात. पाण्याने खराब होत नाही, वाळवी लागत नाही, हे खरंच. पण हे बोर्ड उभे राहण्यासाठी बनलेले असतात. माणसाचा भार झेलण्यासाठी नव्हे. आडव्या आधारांमध्ये दीड फुटाचं अंतर असेल तर १८ मिलिमीटरचा बोर्डही कालांतराने मधे झोल धरतो, आणि उन्हात बंद पडलेल्या केबिनमध्ये लवकर. स्क्रूची पकड कमी. मीटरभर लांबीचा बोर्ड तीस अंशांच्या फरकाने जवळपास दोन मिलिमीटर वाढतो. शिवाय लोक समजतात तसा तो हलकाही नाही. प्लायचं १८ मिलिमीटरचं शीट पस्तीस किलोच्या आसपास भरतं आणि हा बोर्डही फार मागे नसतो. कपाटाच्या आतल्या कप्प्यांना वापरा, पायाखाली नको.

क्लिक करून बसणारं घरगुती वुडन फ्लोअरिंग दाबलेल्या भुशाचं असतं. त्याबद्दल एवढंच पुरे. कार्पेटही नको, चादर-टॉवेलच्या गावात राहून सांगतो, कापड बोटीत घेऊन जायचं ते पुसायला.

वरचा थर

चमकदार व्हार्निश फोटोत छान दिसतं. बोट कलली, पाय ओले असले, की त्यावरून घसरायला होतं. सेमी-मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं व्हार्निश) घ्या, शेवटच्या हातात बारीक अँटी-स्किड पावडर मिसळा. सनमायकाचा एक फायदा आहे: १८ मिलिमीटर प्लायवर एक मिलिमीटरचा थर चढवला की जुन्या बोटींची पाऊण इंची जाडी बरोबर जुळते. पण एकाच बाजूला लावला तर फळी वाकते. खालूनही लावावा लागतो, म्हणजे जाडीचा तो फायदाही जातो, आणि ओल्या पायाला तो गुळगुळीतच.

बजेट कमी असेल आणि देखाव्याचा हट्ट नसेल, तर माझी पसंती वेगळीच आहे. बसच्या आत जे खडबडीत, बारीक चमचम असलेलं व्हिनाइल घालतात, ते बस-ट्रॅव्हलरची बॉडी करणाऱ्यांकडे मीटरवर मिळतं. दोनेक मिलिमीटर जाड, ओलं असताना पकड चांगली, चपलांची पर्वा नाही. प्लायच्या सगळ्या बाजूंना आधी इपॉक्सी, मग वर व्हिनाइल. त्याच्या कडा खाली दुमडू नका; दुमडीत पाणी अडकतं. आणि पूर्ण केबिनभर अखंड तुकडा अजिबात टाकू नका, नाहीतर बिल्जकडे जायची वाटच बंद होईल. प्रत्येक फळीचा तुकडा वेगळा.

मापं

सोलापूरच्या सुताराला बोट दाखवता येत नाही, हीच या सगळ्या कामातली मोठी जोखीम. बोटीतले कोपरे काटकोनात नसतात, कडा तिरक्या असतात, कारण बोटीची बाजू वळत खाली जाते. सुताराचा हात सवयीने गुण्या लावतो आणि कोपरा सरळ करून टाकतो. म्हणून जुनी फळी, कितीही कुजलेली असली तरी, सोबत द्या. कडा झिजून गेल्या असतील तर बोटीवर असतानाच चार मिलिमीटरच्या स्वस्त प्लायचे नमुने कापून, प्रत्यक्ष बसवून, मगच आणा. त्यावर बोटीचं डावं-उजवं, पुढची बाजू आणि कडेचा तिरकस कोन मार्करने लिहा. सगळीकडे दोन ते तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा, आणि ती इपॉक्सीचे हात धरून. जाडी मूळ फळीपेक्षा वाढवू नका. कपाटांची दारं खाली घासतात आणि डोकं छताला लागतं.

कोणी काय घ्यावं

बोट दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर ७१० प्लाय, इपॉक्सी आणि बसचं व्हिनाइल. घेणारा आत आल्यावर पायाखाली काही दबत नाही, एवढं त्याला पुरतं. बोट जुनी, नावाजलेल्या बनावटीची आणि आतलं बाकी लाकूडकाम शाबूत असेल, तर प्लायवर सागाच्या पट्ट्या. तिथे व्हिनाइल डोळ्याला खुपेल. पोरांना घेऊन सुट्टीत जाणाऱ्यांनीही व्हिनाइलच घ्यावं. भरीव साग मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याची बोट वर्षभर पाण्यात असते आणि जो स्वतः वरचेवर तिथे जातो.

फळ्या परत नेताना त्यात सागाचं भरीव काम असेल, तर पोचल्या पोचल्या बसवू नका. बोटीतच, पण चौकटीबाहेर, हवा लागेल अशा उभ्या करून आठ-दहा दिवस राहू द्या, मग घालून बघा. घट्ट बसत असतील तर रंधा सोबत असू दे. आणि प्रत्येक फळीला फिरकी किंवा खटका लावून घ्या. बोट जोरात कलली तर सुटी फळी उडून अंगावर येते.