शिवल्यांच्या शिंपल्यांची तपासणी : प्रयोगशाळेच्या सेवेचा अनुभव

कर्ली खाडीच्या मुखाजवळून मे महिन्यात जिवंत काढलेल्या तीन तिसऱ्यांचे, म्हणजे मालवणीतल्या शिवल्यांचे, शिंपले मी ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे त्याच्या हलक्या व जड प्रकारांच्या, तपासणीसाठी एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले होते. शिंपला वाढताना पाणी कसे होते, याचा माग त्यांच्या प्रमाणावरून लागतो. शिंपला कापण्यापासून आकडे देण्यापर्यंतचे सगळे काम तिथेच होते. ही सेवा अवश्य घ्यावी असे माझे मत आहे. मात्र कापणीच्या सूचना आधीच लेखी द्याव्यात.

मला सर्वांत आवडला तो नोंदणीचा अर्ज. प्राणी जिवंत मिळाला की नुसता शिंपला, आणि कोणत्या तारखेला, हे त्यात आवर्जून विचारलेले आहे. तिसरी आपला शिंपला कडेकडेने वाढवत नेते, त्यामुळे कडेचा थर सर्वांत ताजा असतो, आणि ती तारीख ठाऊक असली की तिथून मागे मोजत जाता येते. किनाऱ्यावर पडलेल्या रिकाम्या शिंपल्याला अशी खुंटी नसते.

भुकटी काढण्याचे कामही नेटके होते. हा शिंपला ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, असतो आणि ड्रिल वेगाने फिरवल्यास उष्णतेने त्याचे कॅल्साइट हे दुसरे रूप होण्याची भीती असते, म्हणून दंतवैद्याकडे असते तसे बारीक टोक इथे अगदी संथ फिरवतात. प्रत्येक नमुना मिठाच्या एक-दोन कणांएवढा असतो. फॉस्फोरिक आम्लाने त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटर या हलके-जड प्रकार वेगळे मोजणाऱ्या यंत्रात मोजला जातो आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आकडा एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत मिळतो. ते मूळ मानक अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातील पी डी खडकांमधल्या बेलेम्नाइट या नामशेष, माकुळासारख्या प्राण्याच्या जीवाश्माचे होते, म्हणजे तोही एक मृदुकाय प्राणीच, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रत्येक नमुन्याचा आकडा, दर हजारी 0.1 या त्रुटीसह, वेगळा मिळाला. पाणी 1 अंशाने तापले की हे मूल्य दर हजारी साधारण 0.2 ने उतरते, तेव्हा ती त्रुटी अर्ध्या अंशाएवढी ठरते. पण अहवालात थेट तापमानाचा एक रकाना जोडला होता, तो मला मान्य नाही. पावसाळ्यात खाडीत नदीचे गोडे पाणी उतरते, त्यात ऑक्सिजन-18, म्हणजे जड ऑक्सिजन, कमी असतो, आणि माझ्या आलेखातला खोल खड्डा मुख्यतः त्या पावसाचा आहे, उकाड्याचा नव्हे. आइसलँडजवळ 2006 साली मिळालेल्या आणि वाढरेषांवरून 507 वर्षांच्या ठरलेल्या आर्क्टिका आयलँडिका या शिंपल्यासारखे, क्षारता फारशी न बदलणाऱ्या समुद्रातले नमुने असतील तर असा रकाना उपयोगी पडतो. खाडीच्या नमुन्यांसाठी प्रयोगशाळेने तो गाळावा.

खरी तक्रार कापणीची आहे. शिंपला चोचीपासून, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकापासून, कडेपर्यंत, वाढीच्या सर्वांत लांब रेषेवरून कापायला हवा. माझा एक शिंपला तिरका कापला गेला आणि वाढरेषा पसरट, एकमेकींत मिसळलेल्या दिसू लागल्या. तिसरीला दोन शिंपा असतात आणि दोन्हींत तीच नोंद असते, म्हणून दुसरी शिंप वापरून काम निभावले. त्यात महिना गेला आणि कापणीचे पैसे पुन्हा द्यावे लागले, जे मला अन्याय्य वाटते.

पुढच्या खेपेस मी दोन्ही शिंपा दोऱ्याने बांधून आणि कापायची रेघ पेन्सिलीने आखूनच पाठवणार आहे.