लेकीचं जीमेल आणि पत्राचा उजवा कोपरा

लेक पाचवीत, वय दहा. तिचा मामा जर्मनीत असतो आणि त्याला व्हॉट्सॲपवरचे अंगठे-बदाम नकोत, भाचीचं पत्र हवं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिचं जीमेल काढलं. जन्मसाल मागे ढकलून पाच मिनिटांत मोकळं होता आलं असतं. आमच्या पतसंस्थेत निम्म्या जणींनी तेच केलंय. मी खरी जन्मतारीख घातली, त्यामुळे तिचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकखाली, म्हणजे मुलांच्या खात्यावर आईबापांना लक्ष ठेवू देणाऱ्या सोयीखाली आलं. पैसे पडत नाहीत, फक्त आपलं स्वतःचं गूगल खातं लागतं.

पहारा चांगला आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना जीमेलमध्ये जाहिराती दिसत नाहीत. गूगलने स्पॅम ठरवलेली मेल इनबॉक्समध्ये तर येत नाहीच, स्पॅमच्या फोल्डरमध्येही पडत नाही. 'अभिनंदन, तुम्ही टॅब जिंकलात' वगैरे माझ्याकडे रोज येतं, तिला माहीतच नाही. याची दुसरी बाजू अशी की एखादी कामाची मेल चुकून स्पॅम ठरली तर ती शोधायची कुठे? म्हणून शाळेत माझाही पत्ता देऊन ठेवलाय. बाहेरची चित्रं आधी विचारून दाखवण्याची सेटिंग मात्र आपल्याला करावी लागते. मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला त्या चित्रांवरून कळू शकतं.

आता उणं. तिच्या मेल आपोआप माझ्याकडे वळवाव्यात असा माझा बेत होता, पण या वयाच्या खात्याला ती सोयच नाही. फॅमिली लिंक नवं ॲप घ्यायला माझी परवानगी मागतं, रात्री फोनला कुलूप घालतं, मेलमधला मजकूर दाखवत नाही. पासवर्ड मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी दोघी मिळून मेल बघतो. चोरून वाचायला मला आवडणार नाही. माझी वही आई वाचायची, त्याचा राग अजून आहे.

अशाच एका शनिवारी पोटात गोळा आला. तिच्या बुद्धिबळाच्या क्लासने सुट्टीची सूचना सगळ्या मुलांना एकाच मेलमध्ये धाडली होती, सगळे पत्ते उघडे. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू न देणारी बीसीसी नावाची चीज त्या सरांच्या गावी नसावी. दोन दिवसांनी कुणा अनोळखी पत्त्यावरून 'हाय, तू पण खेळतेस का?' आलं. बाईसाहेबांनी उत्तर दिलं होतं, आणि वर उजव्या कोपऱ्यात शाळेत शिकवल्याप्रमाणे नीट ओळीने: पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, बिल्डिंग, गणपती मंदिरामागे, पिनकोड, दिनांक. मामाला गेलेल्या सगळ्या पत्रांतही तेच.

ती म्हणाली, "पत्ता नाही लिहिला तर बाई एक मार्क कापतात."

यावर मी काय बोलणार? गूगलने तरी काय करावं? तो पत्ता ब्लॉक केला, स्क्रीनशॉट काढून ठेवले, सरांना फोन करून चार शब्द सुनावले. (पुढे तो क्लासमधल्याच एका मुलाचा दादा निघाला, पण ते नंतर कळलं.) मग दोघींनी बसून ठरवलं: वहीत पत्ता, मेलमध्ये नाही, ओळखीचं नाव नसेल तर उत्तराआधी मला हाक.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण 'फक्त या चौघांच्याच मेल येऊ देत' असं सांगायची जागा मला फॅमिली लिंकमध्ये सापडली नाही.

परवा तिने मामाला लिहिलेलं पत्र पाहिलं. कोपरा रिकामा सोडवत नसावा तिला. तिथे लिहिलंय: 'घर, शनिवार, पाऊस.'