पीजीबॅकरेस्ट: बॅकअप उत्तम, पण परीक्षा शनिवारी घ्या

पोस्टग्रेस डेटाबेसच्या बॅकअपसाठी पीजीबॅकरेस्टइतकं भरवशाचं फुकट साधन दुसरं सुचवता येणार नाही. तरी त्याच्या 'इन्फो' कमांडमध्ये स्टेटस ओके दिसलं की निर्धास्त व्हायची सवय वाईट. 'चेक' कमांड एवढंच बघते की नवी वॉल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) रिपॉझिटरीत, म्हणजे बॅकअप साठवायच्या जागेत, पोचते का. 'व्हेरिफाय' साठवलेल्या फायलींचे चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे दाखवणारे आकडे) ताडून बघतं. डेटाबेस उभा राहतो का, हे फक्त वेगळ्या मशीनवर रिस्टोर केल्यावरच कळतं.

फुल बॅकअप रविवारी पहाटे होत असेल तर चाचणी शनिवारी रात्री घ्या. रविवारी घेतलेली चाचणी झटपट उरकते आणि फसवते. मधे फक्त बदललेल्या फायलींचे बॅकअप (डिफरन्शियल किंवा इन्क्रिमेंटल) नसतील तर शनिवारी जवळजवळ सात दिवसांच्या १६-१६ एमबीच्या वॉल फायली लावाव्या लागतात, आणि पोस्टग्रेस त्या एकाच प्रोसेसमधून लावतं. कोअर वाढवून तिथे काही हाती लागत नाही. बॅकअपमधल्या फायली आणण्याचा वेग मात्र वाढवता येतो. प्रोसेस-मॅक्स (एका वेळी किती प्रोसेस चालवायच्या तो आकडा) मुळात १ असतो, तो ४ किंवा ८ करा.

ठरावीक वेळेपर्यंत रिस्टोर करताना वेळेपुढे +०५:३० लिहाच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असला तर नुसतं १४:०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दुपारी दोननंतर चुकून उडवलेलं टेबल परत आणायला गेलात तर ते उडवणंही सोबत येतं. ठरलेल्या वेळेला पोचल्यावर डेटाबेस फक्त वाचण्यापुरता थांबतो. तो अडकलेला नसतो, प्रमोट करायचा, म्हणजे लिहिण्यासाठी खुला करायचा, राहिलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती आर्काइव्ह-मोड=ऑफ (वॉल फायली रिपॉझिटरीत पाठवणं बंद) न देता केलेली चाचणी. प्रमोट झालेली चाचणीची प्रत स्वतःच्या वॉल फायली खऱ्या रिपॉझिटरीत ढकलते. पुढे खऱ्या फेलओव्हरनंतर (मूळ सर्व्हर पडून दुसऱ्याने जागा घेतल्यावर) तीच टाइमलाइन (प्रमोट झाल्यावर वॉल फायलींना मिळणारा नवा क्रमांक) आली की 'फाइल आधीच आहे, चेकसम वेगळा' म्हणून आर्काइव्हिंग अडतं आणि डिस्क भरत जाते. आर्काइव्ह-मोडचा हा पर्याय पोस्टग्रेस १२ पासून चालतो.

रिस्टोरनंतर ओळी मोजून थांबू नका. चाचणीच्या मशीनवर जीलिबसी (अक्षरांचा क्रम ठरवणारी लिनक्सची लायब्ररी) २.२८ किंवा पुढची आणि मूळ सर्व्हरवर त्याआधीची असेल, तर अक्षरांचा क्रम बदलतो. टेबलात 'देशपांडे' असतात, इंडेक्समधून शोधले की सापडत नाहीत. पीजी_ॲमचेक (इंडेक्स तपासणारं साधन) चालवा, किंवा दोन्हीकडे एकच ओएस ठेवा.

ऑफिसातला सर्व्हर आणि शेजारच्या कपाटातली बॅकअप डिस्क एकाच पाण्यात जातात, हे २६ जुलै २००५ नंतर मुंबईकराला सांगायला नको. दुसरी रिपॉझिटरी हैदराबादला ठेवता येते, ही या साधनाची मोठी जमेची बाजू. पण रिस्टोर आपणहून आधी पहिलीकडेच जातं, म्हणून चाचणीत रेपो=२ मुद्दाम द्या. आणि तिचा एन्क्रिप्शनचा पासवर्ड फक्त डेटाबेस सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये नाही ना, तेवढं बघून घ्या.