थांबलेल्या मोटरची शीळ: मोटर मोकळी सोडावी की ड्रायव्हर बदलावा?

सदाशिव पेठेतल्या घरात रात्री रहदारी थांबली, की टेबलावरच्या छोट्या सीएनसीची (संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या यंत्राची) स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणारी मोटर, जागच्या जागी उभी असूनही बारीक शीळ घालत असल्याचे स्पष्ट ऐकू येते. मोटरची वीज तोडून ती मोकळी सोडताच आवाज थांबत असेल, तर दोष बेअरिंगचा नाही. कॉइलमधला प्रवाह मर्यादेत ठेवण्यासाठी ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारी चिप) तो सतत चालू-बंद करतो, त्याचा तो आवाज आहे.

मोटर मोकळी सोडून पाहण्याची ही परीक्षा बिनखर्चात होते. सीएनसी चालवणाऱ्या ग्रबल या प्रणालीतील '$१' ही सेटिंग २५५ असेल तर मोटर कायम धरलेली राहते; ती २५ केल्यास थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी सुटते. निदानासाठी हे उत्तमच, परंतु कायमचा उपाय म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण पकड सुटल्यावर वर-खाली जाणारा झेड अक्ष स्पिंडलच्या (कोरणारे हत्यार फिरवणाऱ्या भागाच्या) वजनाने खाली सरकू शकतो आणि मायक्रोस्टेपवर (पूर्ण टप्प्याच्या बारीक अंशावर) थांबलेली मोटर किंचित हलून बारकाईने साधलेला शून्यबिंदू बिघडतो.

ए४९८८ हा जुना ड्रायव्हर काढून टीएमसी२२०९ हा नवा बसवण्यासाठी तपकीर गल्लीची (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची) फेरी आणि खर्च दोन्ही पडतात, मात्र नव्या ड्रायव्हरमधील स्टेल्थचॉप या शांत पद्धतीत पकड कायम राहून शीळ जवळजवळ नाहीशी होते. बदल करताना वीज बंद असावी, पिनांची दिशा तपासावी आणि व्हीरेफ (प्रवाहाची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) नव्याने लावावा. जुन्या ड्रायव्हरचे व्हीरेफ काढण्याचे सूत्र इथे चालत नाही.